कनेक्टिंग रॉडवरचं नाव

रॉड ट्यूबलाइटखाली धरला आणि माझं डोकंच सणकलं. दांड्याच्या मधोमध, आडवं, बारीक अक्षरात "नितीन" कोरलेलं होतं.

"हे काय करून आणलं बे, विशाल?"

"आईनं टाकलं, काकाजी. भांड्याच्या दुकानातल्या मशीननं. चांगलं आलं ना?"

मी अक्षरांवरून नख फिरवलं. नख अडकत होतं.

पांढुर्ण्यात माझं इंजिनकामाचं वर्कशॉप आहे, तीसेक वर्षं झाली. येतात ते बहुतेक ट्रॅक्टर आणि पंपाची इंजिनं. रेसिंगचं इंजिन वर्षातून एखादं. विशाल सौंसरचा. वीज खात्यात लाइनमन, दिवसभर खांबावर. सुट्टीच्या दिवशी मातीच्या ट्रॅकवर मोटरसायकल पळवायचा. हा नाद त्याला लावला मोठ्या भावानं, नितीननं. नितीन दोन वर्षांआधी डेंग्यूत गेला. त्याची गाडी घेऊन विशाल माझ्याकडे आला. नागपूरकडे रेस होती.

"दादाचा नंबर कधी आलाच नाही, काकाजी. गाडीचा तरी येऊ द्या."

आता इंजिन म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. पिस्टन वर-खाली पळते. क्रँकशाफ्ट गोल फिरते. दोघांना जोडणारा दांडा म्हणजे कनेक्टिंग रॉड. सगळी ओढाताण त्याच्या वाट्याला. रेसमध्ये क्रँक मिनिटाला दहा हजार फेरे घेते आणि प्रत्येक फेऱ्याला तो दांडा एकदा ताणला जातो, एकदा दाबला जातो.

विशालला लाँग स्ट्रोक क्रँक पाहिजे होता. म्हणजे पिस्टनची धाव लांब, ताकद जास्त.

"इंटरनेटवर सगळे तेच टाकून राहिले, काकाजी."

"टाकू दे. तुझी केसिंग जुनी हाये. तो क्रँक असा हादरन का बेअरिंग खाऊन टाकीन. जितायचं हाये का धक्का मारत घरी यायचं हाये?"

ऐकलं त्यानं. मूळ मापाचाच क्रँक ठेवला, पिस्टन हलका घेतला आणि रॉड फोर्ज्ड मागवला. फोर्ज्ड म्हणजे ओतलेला नाही, तापवून ठोकून घडवलेला. सोनाराचा काटा मागून आणला आणि एकेक पार्ट तोलला. पिस्टन हलका झाला, म्हणून क्रँकच्या जड बाजूला भोकं पाडून तिकडचंही वजन उतरवलं. काम असं जमून आलं होतं की मीच माझ्यावर खूश होतो.

फक्त दाबायचं राहिलं होतं. या गाडीचा क्रँक दोन तुकड्यांचा असतो. रॉड मधात घालून पिन प्रेसवर दाबावी लागते. एकदा दाबली की रॉड सहजासहजी निघत नाही. त्याच्या आधी विशाल म्हणाला, "एक दिवस घरी नेतो. आईले देवापुढं ठेवाचं हाये."

नवी वस्तू देवापुढं ठेवल्याशिवाय इकडे कोणी वापरत नाही. मीही नारळ फोडल्याशिवाय इंजिन सुरू करत नाही. "ने, पण पाडू नको," एवढंच मी बोललो.

आता त्याच्या आईची तरी काय चूक? आपण ताटावर नाव टाकतो, देवळाला समई दिली तर तिच्यावर गेलेल्या माणसाचं नाव टाकतो. ताटाला काही होत नाही. रॉडला होते. आडवा ओरखडा असला की सगळा ताण तिथेच जमतो. दुकानदार कापड फाडायच्या आधी कैचीनं एक चीर देतो ना, तसंच.

"हा रॉड गेला, बापा," मी म्हणालो आणि कारण सांगितलं. त्याचं तोंड उतरलं. रेस त्याच रविवारी, आणि दुसरा रॉड यायला आठ दिवस.

एक उपाय होता. नाव घासून काढायचं, उभी पॉलिश मारायची, मग डाय, म्हणजे रंगीत द्रव, टाकून कुठे तडा आहे का ते पाहायचं. मी पॉलिश पेपर हातात घेतला.

"काकाजी, नाव पुसलं म्हून मी आईले कसं सांगू?"

मी पेपर खाली ठेवला. कर्म माझं! तीस वर्षांत किती जणांना तोंडावर "नाही" म्हटलं, भांडणं घेतली, गिऱ्हाइकं घालवली. आणि त्या दिवशी मन विरघळलं. अक्षर बारीक आहे, एक रेस निघून जाईन, अशी स्वतःचीच समजूत घातली. पिन दाबली. डायल गेज लावून क्रँक सरळ केला. काटा जागचा हलत नव्हता.

रविवारी मीही गेलो. तिसऱ्या फेरीला विशाल दुसऱ्या नंबरवर होता. मी तर उड्याच मारून राहिलो होतो. मग खाडकन आवाज आला. रॉड तुटून इंजिनची केसिंग फोडून बाहेर निघाला, मागचं चाक जाम झालं, विशाल पडला. मागून येणारी गाडी त्याच्या गुडघ्यावरून गेली.

तुकडे मी उचलून खिशात घातले. नावाच्या वरची जी रेघ असते, त्याच रेघेवरून रॉड सरळ तुटला होता.

दवाखान्यात वहिनी, म्हणजे विशालची आई, बाकावर बसली होती.

"भाऊजी, काय तुटलं?"

"रॉड, वहिनी."

"त्याच्यावर तर माह्या नितीनचं नाव होतं. मंग कसा तुटला?"

खाटेवरून विशाल माझ्याकडे पाहत होता.

"माझ्या हातून चुकलं, वहिनी. फिटिंग चुकलं."

तिनं तोंड फिरवलं. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. विशालचा गुडघा आता वाकत नाही. खांबावर चढणं संपलं, ऑफिसात बसून तक्रारी लिहितो. पांढुर्ण्याला आला की दुकानात येतो. जाताना न चुकता म्हणतो, "आईले सांगू नका, काकाजी."

आता माझ्याकडे पार्टचा डबा उघडला की पार्ट घरी जात नाही. पूजा दुकानातच, कुंकू डब्यावर.

बरेच दिवस मला वाटायचं की त्या बाईला वाचवायला मी खोटं बोललो. पण नाव टाकलं की काय होते हे तिला माहीत नव्हतं. मला माहीत होतं, आणि पिन मीच दाबली. मी तिला खरं तेच सांगितलं होतं.