मार्चापर्यंत थांबणारं सफरचंद

आयव्ही मसेटला साहेब लोकांची भीती वाटायची. लहानपणापासूनची. अडुसष्टची झाली, नवरा गेला, इंग्लंडातल्या एसेक्समधल्या एका बागेत चाळीस हंगाम सफरचंदं उतरवली, तरी मॅनेजर फाटकातून आत आला की ही झाडाआड सरकायची. राहतं घर बागेच्या मालकाचं होतं ना!

नवा मॅनेजर हॅस्केट नोव्हेंबरात आला. जुनी झाडं तोडायची, ज्याचं फळ चवीला उतरेल तेवढंच ठेवायचं, असं त्यानं ठरवलेलं. आयव्ही तेव्हा डार्सी स्पाइस नावाचं जुनं सफरचंद उतरवत होती. बागेत त्याचं एकच झाड उरलं होतं. पाच नोव्हेंबरला गाय फॉक्सच्या सणाच्या शेकोट्या पेटतात, त्या दिवशीच ते उतरवायचं, ही तिच्या आईपासूनची रीत. फळ म्हणजे अगदी ध्यान! हिरवट, खरखरीत, बटाट्यासारखं ओबडधोबड. हॅस्केटनं चावा घेतला, तोंड वाकडं करून थुंकला आणि खोडावर तोडायची खूण म्हणून चुन्याची फुली मारली.

अहो, डार्सी नोव्हेंबरात कोण खातं? पोत्यात भरून टांगायचं, साल सुरकुतू द्यायची. फेब्रुवारी-मार्चात त्याला जायफळासारखी चव चढते. गावातलं शेंबडं पोरही हे जाणतं. आयव्हीनं एवढंच तर सांगायचं होतं. पण ती मान खाली घालून पोतं भरत राहिली.

हिवाळाभर तिला घास गोड लागला नाही. करवतीचा आवाज रांगेरांगेनं जवळ येत होता. शेवटी फेब्रुवारीतल्या एका सकाळी तिनं पोत्यातलं फळ एप्रनला पुसलं, ऑफिसात गेली आणि नुसतं खाऊन बघा म्हणाली.

हॅस्केटनं पार बियांपर्यंत खाल्लं.

"मसेटबाई, कुठल्या झाडाचं हो हे?"

"तुम्ही फुली मारलीत त्या. फाटकाजवळच्या."

तो टोपी न घालताच धावला, ही मागून. झाड आडवं पडलं होतं, बुंध्याशी ताजा भुसा.

"नोव्हेंबरात का नाही बोललात?" तो ओरडला नाही, तेच तिला जास्त लागलं.

"भ्याले, साहेब."

मग ती खाली बसली आणि खिशातली सुरी काढून गेल्या वर्षीच्या बारीक डहाळ्या कापू लागली, कलमांसाठी. काप वाकडे पडत होते. कलमाला फळ धरायला कितीतरी वर्षं जातात. हॅस्केट शेजारी वाकून डहाळ्या गोळा करू लागला. तरी दर कापागणिक ती त्याच्याकडे चोरून बघत होती, साहेबांना न विचारता कापल्या म्हणून.