नणंदबाईंचा नेम

आमच्या नणंदबाईंचं आजवर काहीही चुकलेलं नाही. चुकते ती दुनिया. त्यांनी शिवलेला ब्लाउज घट्ट झाला तर घालणारी बाई फुगलेली असते, त्यांची भाजी खारट झाली तर मिठालाच काहीतरी झालेलं असतं, आणि त्यांची एसटी चुकली तर ती वेळेवर सुटलेली असते, म्हणजे पुन्हा ड्रायव्हरचाच आगाऊपणा. ही ह्यांची थोरली बहीण. केजच्या बाजारामागच्या गल्लीत त्यांचं शिवणाचं दुकान आहे. नवऱ्याच्या माघारी एका मशीनवर त्यांनी ते उभं केलं, हे मी कौतुकानं सांगते. त्या स्वतः ते दर भेटीत चहाच्या आधी एकदा आणि चहानंतर एकदा सांगतात. गावातल्या बायका त्यांच्याकडे ब्लाउज टाकायला जाताना मनाची तयारी करून जातात. कारण नणंदबाई टेप वापरत नाहीत, नुसत्या बघतात. गिऱ्हाईक पायरीवर असतानाच समोरच्या पानटपरीपर्यंत पोचेल अशा आवाजात म्हणतात, "दिवाळीपास्नं दीड इंच वाढलीस गं. लई मानवलंय तुला सासर." कचेरीतल्या एका बड्या साहेबांच्या बायकोलाही त्यांनी हेच ऐकवलं. ती बिचारी डोळे पुसत घरी गेली, आणि ब्लाउज असा काही बेतशीर बसला की पुढच्या आठवड्यात बहिणीलाही घेऊन आली. "माजा डोळा म्हंजी टेपच हाय, वैनी," असं त्या मला सांगतात, आणि सांगताना माझ्याकडे अशा बघतात की मी पदर सावरून घेते.

तर या डोळ्याच्या पिछाडीला, म्हणजे दुकानामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, एका निवृत्त सुभेदारांनी नेमबाजीचा वर्ग काढला. आमच्या जिल्ह्यात पिस्तुलाला तशी जाहिरातीची गरज नाही. कमरेला ते नसलं तरी फोटोत असावं, अशी पुष्कळांची इच्छा असते. पण रांगेत उभं राहून, नियम पाळून, कागदावर पिस्तूल चालवायचं आणि त्यासाठी वर फी भरायची, ही कल्पना गावाला नवीन होती. पाटी लागली त्या दिवशी पांढऱ्या कपड्यातले दोघे चौकशीला आले आणि "निस्तं कागदावरच मारायचं का?" असं विचारून हिरमुसले होऊन परत गेले. मग हळूहळू शाळा-कॉलेजातल्या मुली येऊ लागल्या आणि दुपारभर फट्, फट् असा आवाज सुरू झाला. प्रत्येक फट्‌ला नणंदबाईंचा पाय मशीनच्या पायट्यावरून उचलला जायचा. तिसऱ्या दिवशी त्यांनी कात्री खाली ठेवली, मला साक्षीदार म्हणून बरोबर घेतलं आणि भांडायला निघाल्या.

"कावून ठोकाठोकी चाललीय हो दिवसभर? इथं माणसं ऱ्हात्यात!"

सुभेदार मूळचे आष्टीकडचे, शांत गृहस्थ. म्हणाले, "ताई, ठोकाठोकी न्हाई, खेळ हाय हा. हवेचं पिस्तूल. छर्रा सुटतो, कागदावर लागतो. परवानाबी लागत न्हाई."

"एवढ्याशा अंतरावरचा कागद फोडायचा, त्यात कसला आलाय खेळ?"

सुभेदार हसले. माणूस फौजेत अनेक संकटांतून सुखरूप आला होता. पण नणंदबाईंना हसणं हे संकट त्याला माहीत नव्हतं. "मग एकदा मारूनच बघा की," ते म्हणाले. त्यांनी पिस्तूल कसं धरायचं ते दाखवलं. नणंदबाईंनी ते कात्रीसारखं धरलं, समोरच्या काळ्या वर्तुळाकडे पायरीवरच्या गिऱ्हाइकाकडे बघतात तसं बघितलं आणि चाप ओढला. सुभेदारांनी कागद जवळ आणला. छर्रा बरोबर मधोमध लागला होता. दहापैकी दहा.

"नशीब असतं नव्या माणसाचं," सुभेदार पुटपुटले.

"नशीब न्हाई. डोळा," नणंदबाई म्हणाल्या. त्यानंतरचे चार छर्रे पत्र्यावर, लाकडी चौकटीवर आणि शेजारच्या मुलीच्या कागदावर गेले, ते सोडून द्या. तेव्हा वारा सुटला होता. शेड बंद होती, पण वारा सुटला होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गात नाव घातलं.

पहिला आठवडा तर त्यांच्या स्वाभिमानाची कसोटी पाहणारा होता. पिस्तुलाच्या टोकाला एक छोटासा उंचवटा असतो, त्याला सुभेदार माशी म्हणत. नजर त्या माशीवर ठेवायची. ती स्वच्छ दिसली पाहिजे आणि समोरचं वर्तुळ अंधूक. "ताई, समोर बघू नगा. आपल्या माशीकडं बघा," असं सुभेदार दिवसातून किती वेळा म्हणत कोण जाणे. समोरच्याकडे बघू नका, आपल्याकडे बघा, हा सल्ला नणंदबाईंना उभ्या आयुष्यात कुणी दिलेला नव्हता. द्यायची कुणाची छातीच नव्हती. त्या घरी येऊन मला म्हणाल्या, "ह्या माणसाला काई येत न्हाई, वैनी. जिथं मारायचं तिथं बघायचंच न्हाई म्हनतो!" पण सांगितलेलं सगळं त्या करत होत्या, आणि आमच्या घरी येऊन दुप्पट करत होत्या. हाताला ताकद यावी म्हणून त्यांनी माझ्या खलबत्त्यातला बत्ता ताब्यात घेतला. तो सरळ हातात धरायचा, श्वास अर्धा सोडून तिथेच थांबवायचा आणि भिंतीवर चिकटवलेल्या काळ्या टिकलीवर रोखायचा. टिकल्या घरभर होत्या. देवघराच्या चौकटीवर होती, फ्रीजवर होती, आणि ह्यांच्या आरामखुर्चीच्या पाठीवरही होती, त्यामुळे हे दोन महिने सतरंजीवर बसून पेपर वाचत होते.

अशातच धर्मापुरीकडचे पाहुणे आमच्या मुलीला बघायला आले. मुलाचे वडील नेमके कॅलेंडरखाली बसले, आणि कॅलेंडरवर टिकली होती. पोहे निम्मे झाले असतील नसतील, तोच नणंदबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या. दोन्ही डोळे उघडे, श्वास रोखलेला, हात सरळ ताणलेला, आणि बत्ता पाहुण्यांच्या टोपीच्या चार बोटं वर. पाहुण्यांनी बशी खाली ठेवली. "काय झालं हो ताई?" असं त्यांनी अगदी नम्रपणे विचारलं. नणंदबाई उत्तर देईनात, कारण श्वास रोखलेला असताना बोलायचं नसतं. बऱ्याच वेळानं त्यांनी श्वास सोडला आणि म्हणाल्या, "काई न्हाई. बसा तुमी निवांत. तुमच्या मागं टिकली हाय." पाहुणे निवांत बसले नाहीत. पत्रिका जुळत नाही, असा त्यांचा संध्याकाळी निरोप आला. पत्रिका आम्ही अजून दिलेलीच नव्हती. मुलीला तो मुलगा मुळात पसंत नव्हता, त्यामुळे तिनं आत्याच्या गळ्यात पडून तिचा मुका घेतला, आणि नणंदबाईंनी हे स्थळही आपणच पारखून परत पाठवल्याचं गल्लीत जाहीर केलं.

मग त्यांनी चहा सोडला. चहानं हात थरथरतो म्हणाल्या. केजमध्ये चहा सोडणं म्हणजे वाळीत जाण्याचाच प्रकार. माणूस कुणाच्या घरी जाणार तरी कशाला? त्यांनी तो एकटीनं सोडला असता तर एक वेळ चाललं असतं, पण आमच्या घरात येऊन त्यांनी कपाकडे अशी नजर लावली की हे न्हाणीघरात नेऊन चहा पिऊ लागले. वर्गात मात्र त्यांची कुरकुर वाढत चालली होती. एकदा पिस्तूल जड होतं, एकदा चाप घट्ट होता, एकदा ट्यूबलाइट फडफडत होती. सुभेदारांनी पिस्तूल बदललं, चाप हलका केला, ट्यूबलाइटही बदलली. छर्रे तरी सहा आणि सातच्याच रिंगणात फिरत राहिले. "आता छर्रेच वाकडे येत्यात," नणंदबाई म्हणाल्या, आणि सुभेदार फौजी शिस्तीनं "असंल, ताई," म्हणाले.

बीडला स्पर्धा ठरली तेव्हा सोबत म्हणून मी गेले. सुभेदारांनी विश्वासानं पिस्तुलाची काळी पेटी त्यांच्या हवाली केली होती. एसटीत कंडक्टरनं विचारलं, "आक्का, पेटीत काय हाय? वर ठिवा की."

"पिस्तूल हाय," नणंदबाई म्हणाल्या. "वर ठिवायचं नसतंय."

पाय पसरून बसलेल्या एका गृहस्थानं पाय जवळ घेतले. पुढच्या बाकावरचा कुणीतरी उठून खिडकीची जागा देऊ लागला. मागून एक तरणा माणूस आला, खाली वाकला आणि अदबीनं हळूच म्हणाला, "आक्का, कुणाच्या गटाच्या तुमी?"

"मी ब्लाउज शिवते," नणंदबाई म्हणाल्या. त्यावर तो अधिकच घाबरलेला दिसला.

स्पर्धेच्या हॉलमध्ये सगळीकडे टी-शर्टातली मुलं-मुली. साडीत एकट्या नणंदबाई. पदर खांद्याला पिनांनी पक्का केलेला. त्यांच्या वयोगटात बायकांमध्ये त्यांचं एकटीचंच नाव होतं. म्हणजे पहिला नंबर ठरलेला होता, फक्त उभं राहून खेळ संपवायचा होता. गावी मिरवणुकीला हलगी सांगावी की बँडच लावावा, हे मी मनातल्या मनात ठरवत होते. सुरुवातीचे छर्रे बरे गेले. एक तर नऊवर लागला. त्यांनी मागे वळून माझ्याकडे 'बघितलंस?' असं बघितलं. मग काय झालं ते मला आधी कळलंच नाही. त्या हात उचलायच्या, थांबायच्या आणि न मारताच खाली आणायच्या. पुन्हा उचलायच्या, पुन्हा खाली. चौथ्या-पाचव्या वेळी मी खुर्चीवरून पुढे सरकून बघितलं, तर पिस्तुलाचं टोक हवेत गोल गोल फिरत होतं. त्यांनी ते टेबलावर ठेवलं, उजवा हात डाव्या हातानं चोळला, पुन्हा उचललं. शेजारच्या मुली संपवून गेल्यासुद्धा. वेळ संपल्याची शिट्टी झाली तेव्हा बरेच छर्रे डबीत शिल्लक होते.

न मारलेल्या छर्र्यांना शून्य मिळालं, तरी नियमाप्रमाणे पदक त्यांनाच होतं. त्यांनी ते घेतलं नाही. "एकटीच पळाले अन् म्हनं पहिली आले," एवढंच त्या संयोजकांना म्हणाल्या. परतीच्या जीपमध्ये मांजरसुंबा मागे पडेपर्यंत नणंदबाई मांडीवरच्या पेटीकडे बघत होत्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "पिस्तूल चांगलं हाय, वैनी. चापबी चांगला हाय. हात माजा ऱ्हायला न्हाई." थोड्या वेळानं म्हणाल्या, "लई दिवस झाले. सुईत दोरा जात न्हाई. डोळ्याला समदं दिसतंय, हात तिथं पोचत न्हाई. वाटलं, ह्या नेमबाजीनं तरी हात बसंल ठिकान्यावर." मी त्यांचा हात हातात घेतला. त्यांनी तो काढून घेतला नाही, यावरून मला प्रकरणाचा अंदाज आला.

अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी कंपवात सांगितला. गोळ्या दिल्या, व्यायाम सांगितला, हे बरं होत नाही पण आटोक्यात ठेवता येतं, असं नीट समजावलं. नणंदबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि उठताना डॉक्टरांना म्हणाल्या, "शर्टाचा उजवा खांदा उतरलाय तुमचा. शिंपी बदला." घरी आल्यावर हे म्हणाले, "आक्का, बास झालं आता. दुकान बंद कर अन् आमच्याकडं येऊन ऱ्हा." त्या हो म्हणाल्या नाहीत, नाही म्हणाल्या नाहीत, भांडल्याही नाहीत. हे रात्री मला म्हणाले, "भांडली असती तर बरं झालं असतं."

आठवडा असाच गेला. एका दुपारी मी डबा घेऊन दुकानावर गेले तर शटर अर्धं खाली आणि आत कुणी नाही. मागच्या शेडमधून आवाज येत होता म्हणून तिकडे विचारायला गेले. सुभेदार दारातच उभे होते. त्यांनी आत बोट दाखवलं.

त्याच आठवड्यात नाव घातलेल्या नव्या मुलींच्या रांगेत, अगदी शेवटी, नणंदबाई उभ्या होत्या. पिस्तूल डाव्या हातात होतं. "आजपास्नं नवी भरती," सुभेदार हळूच म्हणाले. "परवा आल्या अन् म्हनल्या, सर, दोन हात दिल्यात देवानं, दुसरा कशाला हाय? मी म्हनलं, ताई, पहिल्यापास्नं शिकावं लागंल. तर म्हनल्या, शिकवा."

नेमबाजीत मोकळा हात लोंबता ठेवत नाहीत. मुली तो पँटच्या खिशात घालतात. नणंदबाईंनी तो साडीच्या निऱ्यांशी कमरेला खोचून ठेवला होता. पदराखाली तो हलताना दिसत होता. डावा हात उचलला गेला, नवखा, अवघडलेला, कोपरात जरा वाकलेला. पण तो हलत नव्हता. चाप ओढला गेला. सुभेदारांनी कागद जवळ आणून माझ्याच हातात दिला.

"किती हाय गं, वैनी?" त्यांनी न वळता विचारलं.

छर्रा काळ्या वर्तुळाबाहेर लागला होता. सहा म्हणावं असं क्षणभर वाटलं. पण त्यांच्या डोळ्याला काय फसवणार?

"पाच," मी म्हणाले.

"लई हाय," त्या म्हणाल्या आणि कमरेचा हात काढून डबीतला पुढचा छर्रा उचलू लागल्या. तो चिमटीत यायला बराच वेळ लागला. रांगेतल्या कुणीही घाई केली नाही.