अप्पांचा वन्स मोअर

आता हे सांगावं की नको, कळत नाही. पण चहा झालाच आहे तर ऐका. हसलात तरी चालेल, कोलकात्याच्या बालीगंजमधली झाडून सगळी मराठी मंडळी हसून मोकळी झालीत!

मी गातो. म्हणजे ऑफिसच्या पार्ट्यांत, माईक ओठांना चिकटवून, डोळे मिटून. न्यू टाउनच्या आमच्या कंपनीत मी 'रॉकस्टार दादा'! आणि मराठी मंडळात? 'तो कराओकेवाला'. बारा वर्षं ऐकतोय. जिव्हारी लागतं हो!

यंदा गणपतीत मंडळाने संगीत नाटक काढलं आणि राजाचं काम मला मिळालं. मला एकच हवं होतं, वन्स मोअर. तोही अप्पांचा. अप्पा म्हणजे आमच्या दिग्दर्शिका सुधाताईंचे सासरे. वय नव्वद, जुन्या नाटकांचे दर्दी. कोलकात्यात आल्यापासून त्यांनी कुणालाही वन्स मोअर दिलेला नाही.

सुधाताईंनी पहिल्याच तालमीला बॉम्ब टाकला. "माईक मिळणार नाही. आवाज पोटातून काढ, घसा ताणू नकोस."

पेटीवर नानाकाका, बँकेतून निवृत्त. म्हणाले, "काळी एक धरू या. तुझा गळा तेवढाच आहे."

"राजा आणि एवढ्या खालच्या पट्टीत? छे! पांढरी पाच!"

"अरे, ती पेलणारे गळे वेगळे होते."

मी ऐकतोय थोडाच! पंधरा दिवस नुसता किंचाळलो. शेवटी आवाज असा बसला की फोनवर आईने विचारलं, "कोण बोलतंय?" हळद-मिठाच्या गुळण्या केल्या, ज्येष्ठमध चघळलं. घसा ढिम्म!

मग मी डोकं चालवलं. इथेच माती खाल्ली. ऑफिसातला शुभो आणि त्याची नऊ जणांची टोळी बोलावली. एकालाही मराठीचं अक्षर कळत नाही. म्हटलं, "मी उजवा हात वर केला की ओरडायचं, वन्स मोअर!" चार लोक ओरडले की अप्पाही ओरडतील, असा माझा हिशेब.

शुभो म्हणाला, "दादा, तुमी शुधु हात तोलो, बाकीटा आमरा देखबो!" म्हणजे, तुम्ही फक्त हात वर करा, पुढचं आम्ही बघतो.

बघितलं हो त्यांनी!

प्रयोगाला हॉल भरलेला. मी पद सुरू केलं. वरचा सूर आला आणि आवाज टर्रकन फाटला. घाबरून मी नानाकाकांना खूण केली, पट्टी उतरवा. कोणत्या हाताने? उजव्या!

"ओआन्स मोर!" मागून दहा गळे गरजले.

वन्स मोअर आला की पद पुन्हा गायचंच, हा रिवाज. नानाकाकांनी बिचाऱ्यांनी पुन्हा सुरुवात केली. या खेपेला गळ्यातून फक्त कुई निघाली. मी हात हलवून म्हटलं, बास, पुरे!

"ओआन्स मोर!"

तिसऱ्यांदा नुसती हवा. कपाळावरचा घाम पुसला.

"ओआन्स मोर! दादा, दारुण!" बंगालीत दारुण म्हणजे झकास!

एवढी निष्ठा ऑफिसच्या कामात कधी बघितली नव्हती! मला रडू फुटायचं तेवढं बाकी होतं. विंगेत सुधाताईंनी डोक्याला हात लावलेला. शेवटी नानाकाकांना दया आली. त्यांनी अख्खं पद पेटीवरच वाजवलं, आणि मी दोन्ही हात मागे घट्ट बांधून नुसतं तोंड हलवत उभा राहिलो. काय वाजवलं हो म्हाताऱ्याने! हॉल चिडीचूप.

पद संपलं. पहिल्या रांगेत काठी टेकत कुणीतरी उठलं. अप्पा! त्यांनी खणखणीत आवाज दिला, "वन्स मोअर!"

माझे डोळे भरून आले. बारा वर्षं, मंडळी! छातीवर हात ठेवून मी कमरेत वाकलो.

"तू कशाला वाकतोस रे?" अप्पा कडाडले. "पेटीला दिलाय! आणि आता तोंडसुद्धा हलवू नकोस, लक्ष जातं!"