मेणानं बुजवलेली दाढ

ओहायोतल्या त्या काड्यापेटीच्या कारखान्यात दर महिन्याला कंपनीचा दंतवैद्य कामगार बायकांची तोंडं तपासायचा. दात किडका निघाला की बाई त्याच दिवशी कामावरून बंद. काड्यांच्या गुलातल्या फॉस्फरसची वाफ किडक्या दातातून आत शिरते आणि जबड्याचं हाड कुजवते, हे मालकाला पक्कं ठाऊक होतं. पण वाफ थांबवायला खर्च होता, बाया काढायला दमडीही लागत नव्हती.

बायाही काही कमी नव्हत्या. तपासणीच्या सकाळी गल्लीतल्या सगळ्या ओटिली क्राउटरच्या स्वयंपाकघरात जमायच्या. ती मऊ मेणात चिमूटभर खडू कालवून दातातलं भोक असं बुजवायची, की दंतवैद्याच्या बापालाही कळू नये.

"मावशी, हसले तर पडेल का गं?" एखादी विचारायची.

"त्या मेल्यासमोर हसायचं कशाला? आ कर आणि गप्प बस."

ओटिलीचा नवरा कधीच वारला होता. घर चालायचं ते थोरल्या लेकीच्या, विल्माच्या, कारखान्यातल्या मजुरीवर, आणि मागे खाणारी तीन लहान तोंडं होती. म्हणून विल्माची दाढ किडली तेव्हा आईनं तीही बुजवली.

"आई, फार ठणकतंय."

"एवढा हिवाळा निघू दे, मग काढून टाकू."

हिवाळा सरला तरी दर तपासणीला आई नवं मेण भरतच राहिली. शेवटी दाढ उपटली तेव्हा तिच्याबरोबर हाडाचा तुकडा आला. उन्हाळ्यात डॉक्टरांनी विल्माचा खालचा जबडा काढून टाकला.

त्यानंतर वॉशिंग्टनहून कायदा आला. विषारी फॉस्फरसवर एवढा कर बसला, की तो वापरणं कुणाला परवडेना. वरातीमागून घोडं, दुसरं काय. कायद्याला मान डोलावली म्हणून वर्तमानपत्रात मालकाचा फोटो छापून आला, कामगारांचा कैवारी म्हणून. असल्या कैवाऱ्याला जोड्यानं मारावं.

भरपाई मागायला ओटिली विल्माला घेऊन कारखान्याच्या कचेरीत गेली. मॅनेजर गोड बोलला. "बाई, आमच्या दंतवैद्यानं दर महिन्याला तपासलंय हिला. एकही दात किडका नव्हता. हे दुखणं इथलं नव्हेच."

"किडका होता साहेब. मीच मेण भरत होते."

"म्हणजे कंपनीला फसवलंत. मुलीचा जबडा तुम्हीच खाल्लात की."

हे ओटिली स्वतःला रोज सांगत होती, पण दुसऱ्याच्या तोंडून प्रथमच ऐकत होती.

विल्मा रुमालाआडून काहीतरी पुटपुटली. तिचं बोलणं आता फक्त आईलाच कळायचं.

"काय म्हणतेय ती?" मॅनेजरनं विचारलं.

"म्हणतेय, खरा दात दाखवला असता तर तुम्ही काय केलं असतं?"

मॅनेजरनं घड्याळ पाहिलं आणि दाराकडे बोट केलं.