महालक्ष्म्या केजला आल्या

आमच्याकडं गौरींना कुणी गौरी म्हणत नाही. त्या महालक्ष्म्या. ज्येष्ठा आणि कनिष्ठा, दोघी बहिणी, तीन दिवस माहेरपणाला येतात, पुरणपोळी खातात, मिरवून घेतात आणि जातात. सासुरवाशिणीला विसावा मिळावा म्हणून हा सण, असं सगळे सांगतात. तो विसावा रांधायला दुसरी सासुरवाशीण लागते, हे मात्र कुणी सांगत नाही.

आमच्या घरात ती म्हणजे थोरल्या जाऊबाई. सासूबाई गेल्यापासून मुखवट्यांची पेटी गावाकडं त्यांच्याच ताब्यात. आम्ही नवरा-बायको केजहून जायचो, जेवायचो आणि परत यायचो. गेल्या वर्षी त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, म्हणून दोघा भावांनी ठरवलं, यंदा महालक्ष्म्या केजला, आमच्या दोन खोल्यांत. जाऊबाई पेटीसकट जीपमधून उतरल्या त्या फुगूनच. "एकदा हालल्या की परत येत न्हाईत गं त्या," म्हणाल्या. "ऱ्हातेत तितंच."

मला फार वाईट वाटलं. त्यांचा मान मला नको होता. खरं तर पुरण शिजवायच्या विचारानंच मी घाबरले होते.

संध्याकाळी मुखवटे ताम्हणात घेऊन मी दाराबाहेर उभी राहिले. आतून विचारायला जाऊबाई, पलंगावर पाय लांब करून.

"कोन आलं?"

"महालक्ष्मी आली."

"कशाच्या पावलांनी आली?"

"सोन्याच्या पावलांनी."

मग महालक्ष्म्यांना सगळं घर फिरवून दाखवायचं असतं. गावाकडं गोठा, धान्याच्या कणग्या, चूल, बराच वेळ जातो. आमच्या दोन खोल्या बघता बघता संपल्या.

"झालं?" जाऊबाई म्हणाल्या. "अन् फ्रीज? दूध तितंच ठेवतीस न्हवं? मंग त्योच तुझा गोठा."

मी फ्रीज उघडून महालक्ष्म्यांना दुधाची पिशवी दाखवली. मग तांदळाचा डबा, गॅसची टाकी, इन्व्हर्टर. "स्कुटी ऱ्हायली की," जाऊबाई म्हणाल्या. मी ताम्हण घेऊन जिना उतरले. खालच्या शेजारणीनं घाईघाईनं डोक्यावर पदर घेऊन स्कुटीसकट आम्हा सगळ्यांना नमस्कार केला.

दुसऱ्या दिवशी पुरण सैल झालं आणि पोळ्या फुटल्या. जाऊबाई पलंगावरून हुकूम सोडत होत्या, माझी त्रेधा उडाली होती. कशाबशा दोन धड पोळ्या नैवेद्याला निघाल्या. "फुटक्या मला वाढ," त्या म्हणाल्या आणि गरम गरम, तूप घालून, मजेत जेवल्या. हात धुऊन महालक्ष्म्यांपुढं जाऊन बसल्या, त्या दिवेलागणीपर्यंत उठल्याच नाहीत.

तिसऱ्या दिवशी अक्षता टाकून महालक्ष्म्या हलवल्या. पेटी भरून मी स्वतः जीपमध्ये जाऊबाईंच्या मांडीवर ठेवली. "पुढच्या वर्षी गावालाच," म्हटलं, "मी आधीच येते मदतीला."

त्या पेटीच्या झाकणावरून हात फिरवत राहिल्या.

"धाकट्या महालक्ष्मीच्या गालावर खळी हाय. तुला म्हाईत होतं का?"

"नाही बाई."

"मला बी न्हवतं. इतकी वर्सं म्या त्यांला धुतलं, पुसलं, नटवलं अन् पळाले चुलीकडं. बघितलंच न्हाई कधी." त्यांचे डोळे भरून आले होते, आणि माझेही. "पुढच्या साली सैपाक तू कर. फुटू दे पोळ्या. मी त्यांच्याम्होरं बसनार हाय."