शिखर समोर होतं आणि लेकीचं नाव आठवेना

मंडळी, आत्ताच कॅलिफोर्नियातला माउंट शास्ता हा उंच डोंगर उतरून पार्किंगमध्ये बसलोय. डोक्यातून एक गोष्ट जातच नाहीये.

सकाळी शिखर अगदी समोर दिसत होतं, फार तर तासाभराची चढण उरली होती. मी मजेत होतो. तेवढ्यात माझी बायको मुग्धा मागून ओरडली, "अरे, तुझे हातमोजे कुठेत?"

ते मी काढून बर्फावर ठेवले होते आणि तसाच पुढे निघालो होतो. का, ते सांगता येईना.

तिने मला निरखून पाहिलं. "आपल्या मुलीचं नाव सांग."

मी हसलो, तोंड उघडलं, पण नाव येईचना.

"खाली चल."

"आय ॲम फाइन यार!" मी चक्क भांडलो. दोन वर्षं ट्रेनिंग केलं होतं! तिने ऐकलं नाही, दंड धरून मला उतरवत राहिली.

बरंच खाली आल्यावर मी आपणहून म्हणालो, "सई." मुग्धा मटकन बर्फात बसली आणि रडायला लागली.

शिखर राहिल्याचं वाईट वाटतंय. पण विरळ हवेने मेंदू इतका गडबडला असताना, तोच मेंदू 'सगळं ठीक आहे' असं एवढ्या खात्रीने कसं सांगत होता? तुमच्यापैकी कुणाला असं झालंय? तेव्हा आतून काय वाटत होतं?