मामाचा मल्याळी बोलपट

निजामाच्या अख्ख्या राज्यात माझ्या मामाइतका फेकाड्या माणूस झाला नाही, असं दिंद्रुडमधल्या कुणीही शपथेवर सांगितलं असतं. मामा कोचीनला एका व्यापाऱ्याच्या वखारीत सात वर्षं राहून आला होता आणि त्या सात वर्षांवर जन्मभर बोलत राहिला. तिकडं माणसं बाजाराला होडीनं जातात, तिकडं जो तो पांढरंच नेसतो, इथपर्यंत लोक ऐकून घेत. पण "तिकडं घर आईकडून लेकीकडं जातंय," म्हटलं की हशा पिकायचा. त्याचा चुलतभाऊ तर म्हणायचा, "मग तिकडंच नांदायला जायाचं की बे!" हेही हसण्यावारी गेलं असतं, पण मामानं लग्न केलं नव्हतं, आणि माझे वडील वारल्यावर आई त्याच्याकडे परत आली होती. त्याला घर तिच्या नावावर करायचं होतं. भावकी म्हणे, असं जगात कुठं असतं का?

हा वाद चालू होता त्याच साली परळीच्या स्टेशनावर सिनेमाच्या पेट्यांची अदलाबदल झाली आणि गावात तंबू ठोकून सिनेमे दाखवणाऱ्या तंबूवाल्याकडे देवादिकांच्या चित्राऐवजी एक मल्याळी बोलपट आला. तंबूवाला रडकुंडीला आला, मामा मात्र हरखला. हाताला धरधरून त्यानं सगळी भावकी तंबूत बसवली आणि स्वतः पडद्याशेजारी उभा राहिला, उलगडून सांगायला. होड्या आल्या, नारळ आले, केळीच्या पानावर भात आला. दर वेळी मामा वळून म्हणे, "कसं? कोण फेकतंय?" एका म्हातारीनं विचारलं, "देव कवा येणार हायेत?" "देव न्हाईत मावशे, मानसं हायेत. तितल्या घराघरातलं हाय हे." आणि पडद्यावरचं घरही खरंच बहिणीच्या नावचं निघालं! मामाची छाती अशी फुगली म्हणता! तेवढ्यात पडद्यावरच्या भावानं बहिणीला लेकरासकट दाराबाहेर काढलं.

"काय म्हणतोय बे त्यो?" चुलतभावानं विचारलं. मल्याळी कळणारा तिथं एकटा मामा. वाटेल ते सांगता आलं असतं. मामा म्हणाला, "म्हणतोय, घर तुजं असंल, पर चालतंय माजं. निघ."

"घ्या! मग नावावर करून उपेग काय?" चुलतभाऊ खदखदला. मला मामाचा असा राग आला! एकदाच खोटं बोलला असता तर काय बिघडलं असतं?

दुसऱ्या दिवशी मामा तहसीलीत जाऊन बक्षीसपत्र करून आला. शेवटची एक ओळ त्यानं हट्टानं घालायला लावली होती: भावाला घरात ठेवायचं की नाही, ते बहिणीनं ठरवावं.

तेव्हापासून मरेपर्यंत मामा रोज संध्याकाळी उंबऱ्याबाहेर थांबायचा. "येऊ का गं, आक्का?" आई खेकसायची, "सोंगं करू नको, भाकर निवाय लागलीय." मामा जाऊन आता बरीच वर्षं झाली. परवा दिवेलागणीला आई भाकरी थापता थापता थांबली, दाराकडं बघितलं आणि हळूच म्हणाली, "ये की रे."